लिंबाजी हवालदारांच्या फळ्या

घरात शिरण्याआधी लिंबाजी हवालदार उंबऱ्यावर बूट आपटायचे. आधी उजवा, मग डावा, मग खात्रीसाठी पुन्हा उजवा. मी परतूरला शाळेत रुजू झाले तो जून कोरडाठाक होता. अंगणात चिखल तर सोडाच, ओलही नव्हती. तरी यांचं आपटणं चालूच. आमच्या खोल्या कापसाच्या जिनिंगच्या मागे, रेल्वेच्या रुळांना लागून, एका ओळीत होत्या आणि मधली भिंत नावालाच होती. आठवडाभर मी ऐकून घेतलं आणि मग माझ्या स्वभावाप्रमाणे विचारलंच, "हवालदार, उंबऱ्यानं काय घोडं मारलंय तुमचं?"

ते ओशाळले. "सवय हाय बाई," म्हणाले. "बर्फ झटकायची."

परतूरला बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवर भुशात गुंडाळलेली लादी. ती बुटाला लागायचा प्रश्न नव्हता. पण हवालदारांची उमेदीची वर्षं फौजेत गेली होती, आणि त्यातली बरीचशी काश्मीरच्या बर्फात. पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरत जायचं तिथे त्यांना शिकवलं, आणि त्यात ते इतके तरबेज झाले की पुढे नव्या जवानांना तेच शिकवायला लागले. स्की म्हणतात त्याला. हवालदार इस्की म्हणायचे. पेन्शनीत आल्यावर ते जिनिंगच्या फाटकावर राखणीला बसले. बायको, गिरजाबाई, त्याआधीच गेलेली. मुलगा उत्तम पुण्याला सरकारी कचेरीत. त्याची बायको शोभा आणि आनंद, सुजाता ही दोन मुलं तिकडेच. थोरली विधवा बहीण जनाक्का कुंभार पिंपळगावला. एवढा त्यांचा गोतावळा, आणि सणालासुद्धा त्यांच्या खोलीत ताट एकच वाढलं जायचं.

बर्फ त्यांच्या अंगातून गेलाच नव्हता. चढ आला की पावलं बदकासारखी फाकवून चढायचे. उतार आला की आडवे वळून एकेक पाय खाली टाकायचे. स्टेशनच्या पायऱ्या ते असे उतरायला लागले की बाजारकरी गाठोडी खाली ठेवून बघत राहायचे. चहाचा पेला भर उन्हातही दोन्ही हातांत धरायचे. आणि भिंतीला टेकून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. "वजन पुढं, भेव मागं," हे त्यांचं पालुपद. उतारावर माणूस घाबरला की मागे रेलतो, मागे रेलला की फळ्या पुढे पळतात आणि माणूस आपटतो. म्हणून भीती वाटली की पुढे वाकायचं, असा त्याचा अर्थ. हे ते कशालाही लावायचे. आमच्या शाळेत तपासणीला साहेब येणार होते आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, तेव्हाही मला हेच सांगितलं. मी पुढे वाकून साहेबांशी बोलले. साहेबांना वाटलं, बाईंना ऐकू कमी येतं.

"एवढं काय होतं हो त्या बर्फात?" असं मी एकदा विचारलं. फाटकाशेजारच्या बाकावर त्यांनी सरकून मला जागा करून दिली.

"बाई, आमच्या पिंपळगावात आमी कोन्त्या वाटंनं जायाचं आन कोन्त्या न्हाई, ते आमच्या बापजाद्याला लोकं सांगायचे. तिथं वर गेलो तं वाटच न्हाई. समदं पांढरं. जिथं पाय टाकला तिथून आपली वाट. मागं वळून बघितलं तं आपलीच एक लकीर, दुसऱ्या कुनाची बिलकुल न्हाई." मग म्हणाले, "पन ती बघायला बी कुनी नव्हतं."

त्या वर्षी पोळा झाल्यावर त्यांच्या खोलीतून रंध्याचा आवाज यायला लागला. जिनिंगला यंत्राचे भाग लाकडी पेट्यांतून यायचे. त्या पेट्यांच्या देवदारी फळ्या त्यांनी मुनिमाकडून मागून आणल्या होत्या. एक फळी माझ्या नाकाशी धरून म्हणाले, "वास घ्या. ह्ये झाड तिकडलंय." फळीचं टोक ओल्या गोणपाटात गुंडाळून चुलीच्या वाफेवर धरायचे आणि मऊ झालं की दगडाखाली दाबून वर वळवायचे. पायाच्या जागी बैलाच्या जुन्या जोत्याचं चामडं ठोकायचे. खालच्या अंगाला मेणबत्ती घासायचे. मग एके दिवशी हात धुऊन, टोपी नीट करून माझ्या दारात उभे राहिले.

"बाई, तुमच्या एका खोलीत दोन वर्ग बसत्यात ना? मला बी एक वर्ग घ्यायचाय. त्यात सगळ्यात थोर साठीची म्हातारी, सगळ्यात ल्हान दुसरीतली पोर. कसं शिकवावं?"

"काय शिकवायचंय?"

"इस्की."

मी हसले, पण ते हसले नाहीत. तेव्हा मला सगळा बेत कळला. त्यांचे जुने सुभेदार काश्मीरलाच राहून पाहुण्यांसाठी घोडी आणि खोल्यांची सोय बघत होते. मे महिन्यात खाली बर्फ नसतो, पण वरच्या कुरणांत असतो. सगळ्यांना घेऊन ये, मात्र आधी उभं राहायला शिकवून आण, असा त्यांचा निरोप होता. हवालदारांनी सगळं ठरवून टाकलं होतं. नाताळच्या सुट्टीत उत्तमचं बिऱ्हाड परतूरला येईल, तेव्हा शिकवणी. मेमध्ये काश्मीर. आणि शिकवणीची जागाही त्यांनी हेरून ठेवली होती. जिनिंगच्या आवारात थंडीत सरकीचा डोंगर उभा राहतो. सरकीला कापसाची लव राहिलेली असते, लांबून सगळं पांढरं दिसतं. त्यावर नुसता पाय टाकला तर गुडघ्यापर्यंत आत जातो.

"फळी लावली का न्हाई रुतत," ते म्हणाले. "बर्फाचं बराबर असंच असतंय. फकस्त थंड न्हाई."

मी त्यांना माझ्या परीने सल्ला दिला, की आधी लहानांना चढवा, मोठी माणसं मग लाजेनं तरी शिकतात. त्यांनी मान डोलावली. मापाचं विचारलं तर म्हणाले, माणसानं सरळ उभं राहून हात वर करायचा, तळव्यापर्यंत येईल तेवढी त्याची फळी.

"मग आनंदचं माप कुठून आणलं?"

त्यांनी स्वतःच्या पोटावर हात आडवा धरला. "मागल्या टायमाला आल्तं तवा इथवर व्हतं. त्याच्यावर एक हात."

मागल्या वेळेला म्हणजे जनाक्काच्या नातीच्या लग्नात, मी परतूरला येण्याच्या कितीतरी आधी. मी म्हटलं, "हवालदार, मुलं वाढतात." त्यांनी क्षणभर विचार केला आणि उदारपणे म्हणाले, "मंग चार बोटं वाढीव धरू."

नाताळच्या आधी जनाक्का आल्या. अंगाने काटक, जिभेने तिखट. त्यांना आणि मला सरावासाठी बाजाराच्या दिवशी, जिनिंग बंद असताना, सरकीवर चढवण्यात आलं. पहिला धडा पडण्याचा. "पडायचं कसं ते आधी शिका, मंग हुभं ऱ्हायचं," म्हणून हवालदारांनी आम्हाला आडवं पाडून घेतलं. मला पाचवारी साडीत काही जमेना. पाय फाकवले की निऱ्या आडव्या यायच्या. जनाक्कांचं नऊवारी लुगडं, काष्टा मारलेला. त्या फळ्यांवर उभ्या राहिल्या, "आता काय करू रे लिंब्या?" म्हणेपर्यंत पाय निसटले आणि सरळ खालपर्यंत जाऊन कापसाच्या गाठींच्या थप्पीला धरून थांबल्या. पडल्या नाहीत. हवालदार वरून ओरडले, "शाब्बास आक्का!" त्यांचा असा मोठा आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

त्या दिवशी सरकीच्या पायथ्याशी लुगड्यातली लव झटकत जनाक्कांनी मला भावाचं सांगितलं. फौजेतून सुट्टीला आला की पोराला बूट आणायचा. चांगले, चामड्याचे. पण माप मागल्या सुट्टीतलं. दर खेपेला बूट लहान व्हायचे आणि गिरजाबाई ते शेजारच्या पोरांना देऊन टाकायच्या. उत्तम पाच-सहा वर्षांचा असताना बापाकडे बोट दाखवून आईला म्हणाला होता, "ह्ये पाव्हने कधी जानार?"

"ते ऐकून लिंबा दिवसभर मळ्यात जाऊन बसला व्हता," जनाक्का म्हणाल्या. "आन गिरजा गेली तवा तं यायलाच न्हाई भेटलं त्याला. पोरगं एकटं पुन्याला दवाखान्यात घिऊन गेल्तं तिला. तार केली. पन वर बर्फानं वाट बंद. ह्यो आला तवा मातीवर गवत उगवल्तं. उत्तम तवापासून बापाशी कामापुरतं बोलतो."

तेव्हा मला कळलं की हवालदार काश्मीरची सहल काढत नव्हते. त्यांना मुलाला ती बंद वाट दाखवायची होती.

उत्तमचं बिऱ्हाड सकाळच्या गाडीने आलं. हवालदार इस्त्रीचा कोट घालून फलाटावर उभे होते. डब्यातून आधी उतरला एक लांबलचक मुलगा, ओठावर कोवळी लव असलेला. हवालदारांनी त्याच्या पलीकडे, त्याच्या मागे नजर टाकली. "आजोबा, मीच आनंद," तो म्हणाला. हवालदार हसले, पण त्यांचा हात नकळत पोटापाशी गेला होता, जुन्या मापाशी.

बाजाराच्या दिवशी सगळे सरकीवर गेले. हवालदारांनी फळ्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या, थोरल्यापासून धाकटीपर्यंत. आनंदला म्हणाले, "हात वर कर बेटा." त्याने केला. फळी त्याच्या खांद्यापर्यंतसुद्धा आली नाही. सुजाताची तिच्या कपाळाशी थांबली. आनंद पोरगा गुणी. "चालेल आजोबा," म्हणत फळ्यांवर उभा राहिला आणि फळ्यांसकट घोट्यापर्यंत सरकीत गेला. हवालदारांनी त्याला ओढून काढला आणि आपल्या फळ्या दिल्या. सुजाताला जनाक्कांच्या दिल्या. मग पोरं घसरली, पडली, किंचाळली, पुन्हा चढली. शोभासुद्धा पदर खोचून दोनदा घसरून आली. माझा सल्ला काही खोटा नव्हता. फक्त ज्याच्यासाठी होता त्याला लागू पडला नाही. उत्तम खाली कापसाच्या गाठीवर बसून राहिला.

हवालदार आडव्या पावलांनी उतार उतरून त्याच्याजवळ गेले. त्याची फळी हातात होती. ती मात्र मापात होती. मोठी माणसं वाढत नाहीत.

"ये की. अवघड न्हाई."

"दादा, मेमध्ये मला रजा मिळणार नाही," उत्तम म्हणाला.

"मंग पुढल्या साली."

"पुढल्या सालीही नको." उत्तमचा आवाज शांत होता, म्हणूनच मला तो ऐकवेना. मी शेजारीच उभी होते आणि बाजूला जायला जागा नव्हती. "त्या बर्फापायी तुम्ही आईला शेवटचं बघायला आला नाहीत. तोच बर्फ मी लेकरांना कौतुकानं दाखवू?"

हवालदार फळीकडे बघत राहिले. "त्याच्यासाठीच तं दाखवायचा व्हता," ते म्हणाले. "वाट कशी बंद व्हती ते."

वरून सुजाता ओरडली, "आजोबा, मी येऊ का खाली?" हवालदारांनी वळून बघितलं आणि सवयीने सांगितलं, "वजन पुढं, बेटा. भेव मागं." ती आली, धपकन पडली आणि हसली. उत्तमही थोडा हसला. पण उठला नाही.

दोन दिवसांनी ते गेले. त्यांना गाडीत बसवून हवालदार परत आले, उंबऱ्यावर बूट आपटले, आत गेले. मग दिवसभर त्यांच्या खोलीतून काही आवाज आला नाही. रंध्याचा नाही, भांड्याचा नाही. मी भाकरी आणि पिठलं घेऊन गेले तर खाटेवर बसले होते. भिंतीला टेकून. त्यांना टेकलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला इतकं वाईट वाटलं की ताट ठेवून मी निघून आले.

होळीच्या सुमाराला सरकीचा डोंगर ट्रकांत भरून गेला. आवार पुन्हा काळं, सपाट झालं. सुभेदारांना त्यांनी काय कळवलं ते मी विचारलं नाही. मे लागला, शाळेला सुट्टी पडली, आणि माझं गावी जायचं गाठोडं बांधून झालं तेव्हा हवालदार दारात आले. कोट घातलेला, हातात पिशवी.

"पुन्याला जाऊन येतो," म्हणाले. "त्याला माझं बघायचं न्हाई तं न्हाई. मी त्याचं बघून येतो."

मी म्हटलं, "वजन पुढं, हवालदार." ते पहिल्यांदाच या वाक्यावर हसले. "भेव बी पुढंच हाय बाई ह्या टायमाला."

सुट्टी संपवून मी आले तेव्हा ते परतले होते. चहा केला, पेला दोन्ही हातांत धरला. "उत्तमनं समदं दाखवलं. हाफिसातली खुर्ची दाखवली. लेकरायची शाळा दाखवली. सूनबाई पान्याला कुठं हुभी ऱ्हाते ते दाखवलं. शेवटच्या दिवशी म्हनला, चला दादा. आन गिरजाला ठिवलं व्हतं त्या दवाखान्यात घिऊन गेला. खाट दाखवली. खिडकीपाशी हाय. खाली बाकडं हाय, त्याच्यावर ह्यो झोपायचा." त्यांनी चहाचा घोट घेतला. "त्याचं बघून झालं बाई. माझं दाखवायचं ऱ्हायलं."

 मी माझा पेला ठेवायला खाली वाकले, तर त्यांच्या पायांत नवे बूट. तपकिरी, चकचकीत.

"उत्तमनं घेतले," ते म्हणाले. "ठेसनावर गाडी सुटायच्या आधी हातात दिले. म्या न्हाई मागितले."

"छान आहेत. बसतात ना नीट?"

हवालदारांनी पाय पुढे घेतला आणि बोटं हलवून बघायचा प्रयत्न केला. बूट हलला नाही. "जरासे चावत्यात," म्हणाले. "त्याला काय म्हाईत माझं माप? सांगितलं कुनी त्याला?" आणि मग त्यांचा चेहरा असा झाला की मला दुसरीकडे बघावं लागलं. रडणारा नव्हे. कोणीतरी आपलीच चूक आपल्याला अगदी प्रेमाने परत द्यावी, आणि ती आपण नाकारूही नये, तसा.

ते बूट त्यांनी सोडले नाहीत. टाच दुमडून, चपलेसारखे ओढत चालायचे. लोक म्हणायचे, हवालदार, मोच्याकडून ताणून घ्या. ते ऐकल्यासारखं करायचे. उंबऱ्यावर मात्र आता हळू आपटायचे, दुखत असणार म्हणून. पुण्याहून येताना त्यांनी खिशातून दोन सुतळ्या आणल्या होत्या, नातवंडांना हात वर करायला लावून मोजलेल्या. पुन्हा देवदारी पेट्या आल्या, पुन्हा रंध्याचा आवाज सुरू झाला. मी एकदा विचारलं, "आता कशाला?" तर म्हणाले, "एकदा तं बराबर व्हायला पायजे."

पुढच्या साली माझी बदली झाली. सामान आधी पाठवलं होतं. हवालदारांनी स्टेशनवर येतो म्हटलं, मी नको म्हटलं. त्या बुटांत एवढं चालवणं माझ्या जिवावर आलं असतं. गाडी सुटली, जिनिंगच्या मागून जायला लागली आणि मी खिडकीतून आमच्या खोल्यांची ओळ शोधली.

त्यांनी फळ्या उन्हाला काढल्या होत्या. भिंतीशी ओळीने उभ्या होत्या: उत्तमची, आनंदची, शोभाची, जनाक्कांची, शेवटी सुजाताची. फोटोसाठी घरची माणसं उभी राहतात तशा. आनंदची आता आईच्या फळीपेक्षा उंच होती. ओळीच्या टोकाला हवालदार उभे होते, टाच दुमडलेले तपकिरी बूट घालून. मला निरोप देण्यासाठी त्यांनी हात वर केला होता, पण हलवला नाही. माप देताना धरतात तसा सरळ, तळवा उघडा, गाडी पुढे जाईपर्यंत तसाच धरून ठेवला.